सिनेमा करमुक्त व्हायची वाट बघावी का? मंडळासाठी अख्खा खेळ घ्यायचाय (नाशिक)

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या मंडळाला एका नव्या ऐतिहासिक सिनेमाचा पूर्ण खेळ घ्यायचाय. माणसं १८०, त्यात तीसेक शाळकरी पोरं आणि तेवढेच ज्येष्ठ. थिएटरने तोंडी दर सांगितलाय १८० रुपये, करासहित. वर १२० रुपयांचा पॉपकॉर्न आणि थंड्याचा कॉम्बो तिकिटातच घाला, असा आग्रह.

इथे दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, सिनेमा करमुक्त करा अशी मागणी झालीय, आठ दिवस थांबा, तिकीट अर्ध्यावर येईल. दुसरा म्हणतो, करमुक्त झाला की पक्षाचा शिक्का बसला, मग मंडळाने जाऊच नये. भरीला एक इच्छुक नगरसेवक निम्मे पैसे भरायला तयार आहेत.

करमुक्त झाल्यावर नक्की किती वाचतात? थांबण्यात अर्थ आहे का? बुकिंग करताना काय लिहून घ्यावं? करमुक्ती हे राजकारणच असतं का, यावरही मतं द्या. फक्त सिनेमा चांगला की वाईट यावर धागा नेऊ नका, ते आमच्या व्हॉट्सॲपवर रात्री दोनपर्यंत चालू असतं.

जमाखर्च

अर्ध्यावर येणार नाही. माणशी पावणेचौदा रुपये वाचतील. हिशोब मांडतो.

१०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे: ९ केंद्राचा, ९ राज्याचा. तुमच्या १८० रुपयांत मूळ दर १५२.५४, सीजीएसटी १३.७३ आणि एसजीएसटी १३.७३. राज्याने 'करमुक्त' जाहीर केलं तर फक्त राज्याचा वाटा सुटतो. केंद्राचे १३.७३ जागच्या जागी राहतात. म्हणजे तिकीट १६६.२७. तुमच्या १८० माणसांचे ३२,४०० होणार होते, त्यातले २,४७१ वाचले.

'अर्ध्यावर' ही आठवण जुन्या जमान्याची आहे. १ जुलै २०१७ च्या आधी राज्याचं करमणूक शुल्क होतं, मोठ्या शहरांत ४५ टक्के. १०० चं तिकीट १४५ ला पडायचं आणि करमुक्त झालं की खरोखर ४५ रुपये उतरायचे. घरातली मोठी माणसं 'करमुक्त' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ती पाटी असते. ते शुल्क जीएसटीत विरघळलं, शब्द तेवढा मागे राहिला.

पुढची अडचण अशी की जीएसटीचा दर राज्य एकटं बदलू शकत नाही. दर आणि सूट दोन्ही जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात. म्हणून राज्यं आडवाटेने जातात: थिएटरने ग्राहकाकडून एसजीएसटी घ्यायचा नाही, पण सरकारला भरायचा, आणि मग सरकारकडे परतावा मागायचा. अशा आदेशांत सहसा तीन अटी असतात. सवलत ठरावीक मुदतीसाठी, बहुतेक वेळा सहा महिने. मूळ दर वाढवायचा नाही. आणि एसजीएसटी घेतलेला नाही असं तिकिटावर छापायचं. आदेशाच्या तारखेआधी फाडलेल्या तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, हे तुमच्या 'आधी बुक करून ठेवू' वाल्यांना सांगा.

आणि महाराष्ट्रात 'आठ दिवसांत होईल' हे गृहीत धरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा'साठी हीच मागणी झाली तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांचं उत्तर होतं की राज्याने करमणूक कर २०१७ मध्येच कायमचा रद्द केलाय, माफ करायला कर उरलेला नाही. मध्य प्रदेश आणि गोव्याने मात्र तोच सिनेमा करमुक्त केला. उलट जानेवारी २०२० मध्ये 'तान्हाजी'ला इथेही सवलत दिली गेली होती. म्हणजे करता येतं. करायचं की नाही हा मर्जीचा भाग.

थांबू नका. २,४७१ रुपयांसाठी आठ दिवस वाद घालण्यापेक्षा दरावर बसा. तिथे याच्या पाचपट पैसे आहेत.

पाथर्डी_फाटा

पाचपट कुठून?

जमाखर्च

१०० च्या उंबरठ्यातून. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. मूळ दर १०० असेल तर तिकीट १०५ ला. १०१ केला तर ११९.१८. एका रुपयाने चौदा रुपये अठरा पैसे जातात. यापूर्वी खालच्या टप्प्याला १२ टक्के होते, त्याहीआधी १८, तेव्हा ही दरी एवढी खोल नव्हती.

मूळ १०० वर सौदा तुटला तर १८० माणसांचे १८,९०० होतात. १३,५०० वाचले, आणि मंत्रिमंडळाची वाट बघावी लागली नाही. गंमत म्हणजे त्या दरावर करमुक्ती आली तर माणशी अडीच रुपये, सगळे मिळून ४५० सुटतील. एवढ्यात १८० माणसांचा चहासुद्धा होत नाही.

दुसरा खड्डा कॉम्बोचा. थिएटरातलं खाणं वेगळ्या बिलाने घेतलं तर त्यावर ५ टक्के. तेच तिकिटासोबत एका दरात बांधून विकलं तर सगळं तिकिटाच्या दराने मोजलं जातं. जुलै २०२३ च्या परिषदेनंतर निघालेल्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. १२० वर ५ टक्के म्हणजे ६ रुपये, १८ टक्के म्हणजे २१.६०. माणशी १५.६० जास्त, १८० माणसांचे २,८०८. ज्या करमुक्तीसाठी भांडताय त्याहून जास्त पैसे पॉपकॉर्नच्या पुड्यात जातायत. तो घ्यायचाच असेल तर मध्यांतराला काउंटरवर, वेगळं बिल.

तिसरं, 'सभागृह भाड्याने' असं बिल घेऊ नका. काही ठिकाणी पूर्ण खेळाला एक ठोक रक्कम लावतात आणि बिलावर हॉलचं भाडं लिहितात. ते भाडं झालं, प्रवेश तिकीट नव्हे. मग ५ टक्क्यांचा टप्पाही गेला आणि उद्या करमुक्ती आलीच तर तीही गेली. १८० वेगवेगळी ई-तिकिटं मागा.

खिडकी_क्रमांक_दोन

जमाखर्च यांचा हिशोब बरोबर आहे, पण मूळ १०० चा दर कधी मिळतो ते खिडकीच्या आतल्या बाजूने सांगतो.

पहिल्या आठवड्यात मागू नका, मिळणार नाही. कर वजा जाऊन उरलेल्या गल्ल्यात निर्माता-वितरकाचा वाटा दर आठवड्याला घटतो. हिंदी सिनेमासाठी मल्टिप्लेक्स आणि निर्मात्यांमध्ये २००९ साली ठरलेलं गणित पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे ३० असं आहे. मोठ्या सिनेमाला यात थोडं इकडे-तिकडे होतं. पहिल्या आठवड्यात दर पाडला तर वितरक ओरडतो आणि थिएटरलाही निम्मेच मिळतात, म्हणून तो ऐकत नाही. तिसऱ्या आठवड्यात शंभरातले साडेबासष्ट त्याचे असतात आणि मंगळवारी सकाळी नऊच्या खेळाला बारा डोकी बसलेली असतात. तेव्हा १८० माणसं एकदम म्हटल्यावर मॅनेजर खुर्ची पुढे ओढतो.

म्हणून तुम्ही तिसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार, सकाळचा पहिला खेळ मागा. पोरांच्या शाळा आड येत असतील तर सुट्टीचा वार बघा, पण शनिवार-रविवारी हा दर कोणी देणार नाही. रविवारी सकाळी साडेआठला पडदा उघडायची तयारी असेल तरच बोलून बघा, कारण तो वेळ नाहीतरी रिकामा जातो.

लिहून काय घ्यायचं ते बघा. पडद्याचा क्रमांक, तारीख, वेळ, खुर्च्यांची संख्या, मूळ दर आणि कर वेगवेगळे, आगाऊ रक्कम किती, खेळ रद्द झाला तर परत किती दिवसांत. ईमेलवर घ्या. तोंडी 'करासहित' या शब्दाला अर्थ नसतो.

पडद्याचा क्रमांक मुद्दाम आधी लिहिला. सिनेमा आता डिजिटल स्वरूपात येतो आणि तो उघडायला चावी लागते, तिला केडीएम म्हणतात. ती चावी ठरावीक पडद्याच्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेसाठीच चालते. तुमचा खेळ नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर असेल किंवा ऐनवेळी दोन नंबरच्या पडद्यावरून चारवर हलवला, तर फाइल समोर असून उघडत नाही. बरं, सकाळी साडेआठला वितरकाच्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नसतं. खास खेळांची बोंब होते ती नव्वद टक्के इथेच. आदल्या दिवशी दुपारी मॅनेजरला एकच प्रश्न विचारा: या पडद्याची, या वेळेची चावी आली का, आणि फाइल चालवून बघितली का?

खुर्च्यांचंही बघून घ्या. पडदा २१० खुर्च्यांचा असेल तर थिएटर २१० चे पैसे मागेल, नाहीतर उरलेल्या ३० विकेल. दोन्ही चालतं, पण आधी ठरवा. शेवटची रेक्लायनरची रांग बहुतेक वेगळ्या दराची असते. कर प्रत्येक तिकिटाच्या दराप्रमाणे लागतो, त्यामुळे एकाच खेळात खाली ५ आणि वर १८ टक्के असं होऊ शकतं. ज्येष्ठांना वरच्या मऊ खुर्च्या द्यायचा मोह होतो, पण पायऱ्या त्यांनाच चढायच्या असतात. प्रवेशदाराच्या पातळीची रांग कुठली ते जाऊन बघून या.

ॲपवरून बुकिंग अजिबात करू नका. सोय शुल्क तिकिटामागे ३० धरलं तरी त्यावर १८ टक्के धरून ३५.४० होतात. १८० तिकिटांचे ६,३७२. हे कुठल्याही करमुक्तीत माफ होत नाहीत. खिडकीवर जा, मॅनेजरला भेटा.

खाण्याचं एक सांगतो. बाहेरचं आत न्यायला थिएटर मना करू शकतं, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं मान्य केलंय. पण पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. पॉपकॉर्न सोडा. नऊचा खेळ बाराला सुटेल, नाशकात त्या वेळी मिसळ सोडून पॉपकॉर्नवर कोण पोट भरतं?

गोदाकाठ_४२२

आता राजकारणाचं. पाथर्डी_फाटा, तुमच्या दुसऱ्या तटाचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय.

१० जानेवारी २०२० ला एकाच दिवशी दोन सिनेमे लागले. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही तेव्हाची काँग्रेसची राज्यं, त्यांनी 'छपाक' करमुक्त केला. उत्तर प्रदेशने 'तान्हाजी' करमुक्त केला. दोन्ही सिनेमे अजून पुरते बघूनही झाले नव्हते. मार्च २०२२ मध्ये 'द काश्मीर फाइल्स' गुजरात, मध्य प्रदेश, हरियाणा वगैरे भाजपच्या राज्यांनी करमुक्त केला. इथे विरोधी बाकांवरून तीच मागणी झाली तेव्हा तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी चेंडू टोलवला: केंद्रानेच जीएसटी काढावा, देशभर लागू होईल. मे २०२३ मध्ये तर कळस झाला. 'द केरला स्टोरी' मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात करमुक्त आणि पश्चिम बंगालमध्ये बंदी. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली.

या सगळ्यात कोणी अपवाद नाही. नऊ टक्के सोडून राज्य सरकारला पहिल्या पानावर बातमी मिळते, 'आम्ही या बाजूचे' हे सांगता येतं. जाहिरातीच्या मानाने स्वस्तच पडतं. मागणी करणाऱ्याला तर तेवढेही पडत नाहीत, एक निवेदन आणि जिल्हाधिकारी कार्यालयासमोर फोटो.

पण म्हणून न जाणं म्हणजे त्या शिक्क्याला आपणच किंमत देणं. सिनेमा तोच आहे, तिकिटावरचे पावणेचौदा रुपये कमी-जास्त झाल्याने त्यातला एकही प्रसंग बदलत नाही. जायचं की नाही हे सिनेमावरून ठरवा.

कॉलेजरोड_कट्टा

गोदाकाठ, इथे माझं जमत नाही. शिक्का नुसता शिक्का नसतो, त्यामागे पैसे असतात आणि ते आपले असतात. करमुक्तीची रचनाच उलटी आहे. जेवढी तिकिटं जास्त विकली जातील तेवढी सरकारी सवलत जास्त. म्हणजे जो सिनेमा आधीच धो धो चाललाय त्यालाच सर्वात मोठी मदत.

आकड्यात बघा. समजा एखाद्या सिनेमाचा राज्यातला निव्वळ गल्ला १०० कोटी झाला, तिकिटं १०० च्या वरची. राज्याने सोडलेला कर ९ कोटी. आपल्याकडे दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान आहे, 'अ' श्रेणीला ४० लाख, 'ब' श्रेणीला ३० लाख. त्या ९ कोटींत 'अ' श्रेणीचे बावीस सिनेमे उभे राहतात. हिंदीतल्या एका गडगंज सिनेमाची तिकिटं चौदा रुपयांनी उतरवायची की हे बावीस करायचे, असं विधानसभेत मांडलं तर हात कुठे वर होतील ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच असं कोणी मांडत नाही.

मराठी सिनेमाचं दुखणं कर हे नाहीच, पडदा हे आहे. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा सक्तीचा केला. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं, ओरड झाल्यावर दुपारी १२ ते रात्री ९ असं पसरवलं. झालं काय, दुपारचा सव्वाबाराचा खेळ हाही 'प्राइम टाइम' झाला. नोकरी करणारा माणूस सव्वाबाराला कुठे असतो? अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी संपायला अजून तीन तास असतात.

गोदाकाठ_४२२

गणित मान्य. पण ती सवलत निर्मात्याच्या खिशात थेट जात नाही, प्रेक्षकाला मिळते. निर्मात्याला फायदा फक्त जास्त माणसं आली तर. चौदा रुपयांसाठी घरातून कोण उठतं? उठतो तो बातमीमुळे.

कॉलेजरोड_कट्टा

प्रेक्षकाला मिळते हे तरी खात्रीने म्हणता येतं का? जमाखर्च, थिएटरने एकूण दर तोच ठेवला तर?

जमाखर्च

होऊ शकतं आणि तिकीट वाचलं तर पकडताही येतं. १८० चं तिकीट करमुक्तीनंतरही १८० ला असेल तर मूळ दराची ओळ बघा. आधी १५२.५४ होती. आता १६५.१४ दिसेल आणि खाली फक्त सीजीएसटी १४.८६. बेरीज १८०. म्हणजे राज्याने सोडलेला पैसा थिएटरने मूळ दर फुगवून गिळला, आणि त्यात वितरकाचाही वाटा आला, कारण वाटणी कर सोडून उरलेल्या रकमेवर होते.

मल्टिप्लेक्सचं ई-तिकीट हेच कायद्याने कर बीजक मानलं जातं, त्यामुळे मूळ दर आणि कर त्यावर वेगळे दिसायला हवेत. थिएटरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू झाला पाहिजे, तो महाराष्ट्राचा आकडा. करकपातीचा फायदा दडपल्याच्या तक्रारी घेणारी नफेखोरीविरोधी खिडकी १ एप्रिल २०२५ पासून नव्या अर्जांना बंद झालीय. आता १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तिकिटाचा फोटो जोडून तक्रार करा. आधीचं एक तिकीट आणि नंतरचं एक, एकाच पडद्याची, एकाच वाराची, एकाच वेळेची असली पाहिजेत. शुक्रवारच्या रात्रीची तुलना मंगळवारच्या सकाळशी केली तर तक्रार पहिल्याच पायरीवर पडते, दर वाराप्रमाणे बदलायची थिएटरला मुभा आहे.

पेठ-सुरगाण्याकडच्या मंडळींचा नेहमीचा प्रश्नही इथेच उरकतो: गुजरातमध्ये करमुक्त असलेला सिनेमा नाशकात बघितला तर सवलत नाही. ॲपवर पत्ता वापीचा टाकून उपयोग नाही. कर पडदा जिथे आहे तिथला.

तिसरी_घंटा

थोडं विषयांतर, पण हिशोबातच आहे. माणसं एकत्र न्यायची एवढाच हेतू असेल तर नाटकाचा विचार करा. नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी अजिबात नाही, ना केंद्राचा ना राज्याचा. ही खरी करमुक्ती, आणि तिच्यासाठी कुणी निवेदन दिल्याचं ऐकलंय का? ५०१ केलं की सगळ्या ५०१ वर १८ टक्के, म्हणजे ९०.१८. म्हणून शालिमारच्या कालिदास कलामंदिरात नाटकाच्या पहिल्या रांगेचा दर बघाल तर ५०० वर येऊन थबकलेला दिसतो.

सावध एवढंच राहा की निर्मात्याकडून ठोक रकमेत कंत्राटी प्रयोग घेतला तर ते प्रवेश तिकीट उरत नाही, बिलात १८ टक्के येऊ शकतात. कोटेशन करासहित मागवा. किंवा सरळ जाहीर प्रयोगाची १८० तिकिटं उचला, तुम्हाला एकगठ्ठा रांगा मिळतात, निर्मात्याची निम्मी काळजी मिटते आणि दरात तो थोडं सैल सोडतो.

राजकीय टोमणे झेपणारं मंडळ असेल तर नाटकात ते जास्त ताजे असतात. संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते हे खरं, तरी नट त्या आठवड्याची बातमी वाक्यात सरकवतोच. नाशकाला त्याचं काय नवल? २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद थिएटरात, 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला.

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे आभार, बैठकीत हे आकडे वाचून दाखवले तेव्हा पाच मिनिटं शांतता होती. तीन गोष्टी राहिल्यात. नगरसेवकांचे पैसे घ्यावेत का? पोरांना सिनेमाच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची अडचण येईल का? आणि एक सूचना अशी आली की दोन महिन्यांनी ओटीटीवर आला की मंडपात प्रोजेक्टर लावून दाखवू, फुकटात.

गोदाकाठ_४२२

पैसे घेऊ नका. 'इच्छुक' आहेत म्हणजे आज ना उद्या उमेदवार आहेत. आचारसंहिता लागल्यावर खेळ झाला तर ती तिकिटं मतदाराला दिलेलं आमिष ठरू शकतात, निदान त्यांच्या निवडणूक खर्चात तरी धरली जाऊ शकतात. तेव्हा मंडळाचं नाव पंचनाम्यात येईल. आचारसंहिता नसली तरी निम्मे पैसे भरणारा माणूस मध्यांतराला माइक मागतो. सिनेमा दोन तास चाळीस मिनिटं, मध्यांतर पंधरा, जाहिराती दहा, पुढच्या खेळाआधी झाडलोट वीस मिनिटं. यात भाषणाला जागा नाही. वीस मिनिटं बोलले की पुढचा खेळ लांबतो आणि थिएटर त्याचे पैसे तुमच्या अनामत रकमेतून कापतं. मान ठेवायचाच असेल तर म्हणावं स्वतःचं १०५ चं तिकीट काढून या.

खिडकी_क्रमांक_दोन

प्रमाणपत्राचं: २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. त्यात बंदी नाही, पालकांनी ठरवायचं आहे. पण 'ए' असेल तर अठराच्या खालच्या कुणालाही, आईबापासोबतसुद्धा, दारातून परत पाठवतात आणि त्यात थिएटरचा दोष नसतो. ऐतिहासिक सिनेमात छळाचे, लढाईचे प्रसंग बेतास बात नसतात, त्यामुळे १६+ मिळालं असेल तर सातवी-आठवीच्या पोरांसाठी प्रत्येक पालकाचा होकार लिहून घ्या. ज्यांचे पालक सोबत नाहीत त्यांच्या बाबतीत विशेष.

मंडपात ओटीटी दाखवू नका. तुमचं खातं घरी बघण्यापुरतं असतं. सार्वजनिक जागी दाखवायला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. कॉपीराइट कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. तेरा हजार वाचवले म्हणून मंडळाच्या अध्यक्षांना तिकडे नका पाठवू. आणि थिएटरात मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या हौशी भाच्यालाही आवरा, त्याला तर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. 'फक्त रीलपुरतं' हे कारण चालत नाही.

जमाखर्च

एक दुरुस्ती माझ्याच हिशोबाला. कोटेशनमध्ये '१०५ करासहित' असं लिहून घेऊ नका. 'मूळ दर १००, कर नियमानुसार' असं घ्या. नाहीतर मधल्या काळात कधी दर बदलला किंवा सवलत आली तर थिएटर १०५ वरच अडून बसेल आणि फरक त्याच्याकडे राहील. आणि मंडळाच्या वहीत हा खर्च गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दाखवू नका, वेगळी पावती करा, १०५ प्रमाणे १८०, एकूण १८,९००. पॉपकॉर्नची आणखी वेगळी.